शिक्क्यावर भुलले आणि १४० पौंड गेले

गेल्या ऑक्टोबरमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या एका जुन्या बाजारातून १४० पौंडांना निळ्या छापाचा चिनी मातीचा मोठा जग घेतला. विकणारा म्हणाला, ‘आजीचा आहे, १८६० च्या आसपासचा.’ तळाशी सिंह, एकशिंगी घोडा आणि ‘व्हिक्टोरिया वेअर, आयर्नस्टोन’ (आयर्नस्टोन म्हणजे टणक, जाडसर चिनी माती) असा शिक्का होता. गिरगावात आमच्या फडताळात अशाच निळ्या छापाची एक बशी होती, फक्त सणावाराला बाहेर निघायची. तिच्या आठवणीत मी घासाघीससुद्धा केली नाही.

पुढच्याच आठवड्यात स्टोक-ऑन-ट्रेंटला हॅन्लीच्या पॉटरीज म्युझियममध्ये गेले. काचेपलीकडची खरी भांडी पाहताना पोटात गोळा आला.

याच स्टोकमध्ये स्पोड नावाच्या कुंभारानं १७८४ च्या सुमारास झिलईखालच्या, म्हणजे काचेसारख्या चकचकीत थराखालच्या, निळ्या छपाईत जम बसवला. तांब्याच्या कोरीव पत्र्यावर रंग भरायचा, पातळ कागदावर ठसा उठवायचा, तो कागद कापून भाजलेल्या भांड्यावर हातानं घासून बसवायचा. काठाची वेलबुट्टी तुकड्यातुकड्यांनी लागते, म्हणून कुठेतरी सांधा दिसतो: फूल अर्धं कापलेलं, पान पानावर चढलेलं. घरी येऊन जगाभोवती बोट फिरवत सांधा शोधला, सापडला नाही. जुन्या कोरीव कामातही ठिपके असतात, पण ते हाताचे, लहानमोठे. माझ्या जगावर भिंगाखाली वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे एका मापाचे ठिपके ओळीनं उभे होते.

मग उलटा केला. बुडाची कडा रुंद, बिनझिलईची, पांढरीफटक. दीडशे वर्षं टेबलांवर सरकलेल्या भांड्याला तिथं ओरखडे हवेत, मळ हवा. जुन्या बश्यांच्या मागे तर भट्टीतल्या आधारांचे तीन बारीक व्रणही सापडतात. जगावरच्या तड्यांतला तपकिरी रंग कोमट पाण्यानं निम्मा निघून आला; तो मुद्दाम चढवलेला होता.

राहिला शिक्का. ‘व्हिक्टोरिया वेअर’ नव्या नकलांवर सर्रास मारतात. आणि शिक्क्यात नुसतं ‘इंग्लंड’ असलं तरी १८६० चा दावा संशयास्पद धरा, कारण बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव घालण्याची सक्ती अमेरिकेनं १८९० च्या कायद्यानं केली.

पैसे परत मागायला गेले तर तो विकणारा आला नव्हता. दुसऱ्या एका टेबलावर मात्र तसेच दोन जग होते, तोच शिक्का. एक बाई त्यातला एक न्याहाळत होत्या. मी त्यांना तो उलटा करून कडा पाहायला सांगितली.