कट्टा, जमीन की जोर? पुशअप्स निवडण्याआधी

"काका, छाती भरायची तर हात लांब लांब ठेवूनच मारायचे ना?" पर्वती उतरून आल्यावर आमच्या सोसायटीतला एक कॉलेजातला मुलगा दर चार दिवसांनी मला हेच विचारतो. नाही रे बाळा. हा समज फार पसरलाय, म्हणून आधी तोच घेतो.

हात रुंद ठेवले की छाती ताणल्यासारखी वाटते खरी, पण अंग खाली-वर कमी होतं. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 40 जणांच्या स्नायूंमधले विद्युत संकेत मोजले होते. हात छातीखाली जवळ आणले तेव्हा ट्रायसेप्स, म्हणजे दंडाचा मागचा स्नायू, रुंद हातांपेक्षा जास्त राबला. आणि छातीसुद्धा! मात्र जवळच्या हातांनी मनगटं आणि कोपरं लवकर कुरकुरतात. रोजच्यासाठी हात खांद्यांच्या किंचित बाहेर आणि कोपरं अंगापासून साधारण 45 अंशांवर, हेच मला सगळ्यात पटतं.

पण हातांच्या जागेपेक्षा मोठा फरक पडतो तो उंचीने. वजन 70 किलो धरा. साध्या पुशअपमध्ये हातांवर त्याचा सुमारे 64 टक्के, म्हणजे 45 किलो भार येतो. गुडघे टेकले की 49 टक्के, 34 किलो. हात 60 सेंटिमीटर उंच कट्ट्यावर ठेवले तर जेमतेम 41 टक्के, 29 किलो. उलट पाय तेवढ्याच उंचीवर ठेवले तर 74 टक्के, म्हणजे 52 किलो. त्यात खांद्याचा पुढचा भाग आणि छातीची वरची बाजू जास्त कामाला लागते.

नवशिक्याला मी गुडघ्यांवर बसवत नाही, कट्ट्यावर धाडतो. गुडघे टेकले की कंबर सैल सोडायची सवय लागते. कट्ट्यावर टाचेपासून डोक्यापर्यंत अंग फळीसारखं धरावंच लागतं. पुढे जिना वापरा: पंधरवड्याला एक पायरी खाली. शेवटच्या पायरीनंतर जमीनच येते, वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही.

आता जोर. पुण्यातल्या पेठांमधल्या तालमींनी जपलेला हा व्यायाम पुशअपचा भाऊ असला, तरी त्याचं काम निराळं. कंबर वर, मग छाती जमिनीलगत पुढे सरकवत नेऊन पाठ कमानीसारखी उचलायची. भार खांद्यांवरून छातीवर आणि तिथून दंडांवर सरकत जातो, शिवाय पाठ मोकळी होते. ताकदीबरोबर लवचीकता हवी असेल तर जोरच काढा. कमरेचं दुखणं असेल तर त्याने सुरुवात करू नका.

आणि एक बारकावा, जो बहुतेक जण सोडून देतात. वर आल्यावर कोपर सरळ ठेवून जमीन आणखी दोन बोटं ढकला. खांद्यामागचे फरे बाजूला सरकतात आणि बरगड्यांवरचा, करवतीच्या दात्यांसारखा दिसणारा सेरेटस स्नायू जागा होतो. हात डोक्यावर नेताना खांद्याचा फरा सावरणारा हाच. लॅपटॉपपुढे वाकून बसणाऱ्यांनी तर हे करावंच.

त्या मुलाला सध्या कट्ट्यावरच बारा-बाराचे तीन सेट दिलेत, प्रत्येक वेळी वर आल्यावर ती दोन बोटं धरून. रुंद हात बंद. तिसऱ्या सेटलाही कंबर ढळली नाही, की एक पायरी खाली.