उठलेलं गाव का जुनी रिठ? ग्रुप घेऊन जायचं असेल तर

दिवाळी झाली की दोन-तीन फोन ठरलेले असतात. भाऊ, आमचा दहा-बारा जणांचा ग्रुप आहे, ओसाड गाव पाहाले जायचं म्हणतो, मेळघाटातल्या उठलेल्या (म्हणजे व्याघ्र प्रकल्पामुळे हलवलेल्या) गावाकडे जाऊ का तुम्ही त्या रिठीवर, म्हणजे जुन्या ओसाड गावठाणावर, जाता तिकडे? मी दोन्हीकडे ग्रुप घेऊन गेलेलो आहे, मेळघाटात दोनदा आणि रिठीवर किती वेळा ते मोजणं सोडलं, आणि दरवेळी फोनवर तेच तेच सांगून तोंड दुखून राहिलं म्हणून एकदाच लिहून टाकतो.

गाविलगड-नरनाळ्याचं आधीच उरकून घेतो, कारण तिसरा पर्याय म्हणून कोणी ना कोणी ते काढतंच. किल्ले म्हणून दोन्ही एक नंबर. गाविलगडाचा दिल्ली दरवाजा आणि नरनाळ्याचा महाकाली दरवाजा पाहिला नसेल तर वऱ्हाडात राहून काय केलं असं मी स्वतः लोकांना म्हणतो. पण तिथली पडझड राजा-सरदारांची आहे, तोफा आहेत, तलाव आहेत, १८०३ च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती वेलस्लीने गाविलगड कसा घेतला ते सांगणारे आहेत. सैपाकाची चूल कुठं होती अन् गाय कुठं बांधत होते हे ज्याला पाहायचं त्याच्या हाती किल्ल्यावर काही लागत नाही. तर ते बाजूला.

आता मेळघाट. १९७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, १९८७ मध्ये गुगामलचं राष्ट्रीय उद्यान झालं आणि पुढे कोअरमधली, म्हणजे वाघासाठी राखलेल्या आतल्या जंगलातली, गावं एकेक करून खाली यायला लागली. पहिले बोरी, कोहा, कुंड अकोटकडे आले, मग बाकीचे, वर चिखलदऱ्याच्या बाजूचं वैराटसुद्धा उठलं. कुटुंबामागे दहा लाखाचं पॅकेज होतं, २०२१ पासून पंधरा झालं. ते कोणाला पुरलं, कोणाला नाही पुरलं हा वेगळाच विषय आहे, खाली सोयी नाहीत म्हणून काही लोक परत वर जाऊन बसले होते तेही आपण सगळ्यांनी पेपरात वाचलं. मी इथं फक्त पाहायला जाणाऱ्यांपुरतं बोलतोय, पण हे डोक्यात ठेवून जा, ही गावं शंभर वर्षांपूर्वीची नाहीत. तिथं जन्मलेला माणूस तुमची सफारीची जिप्सी चालवत असू शकतो.

आणि जागा म्हणाल तर सुंदर, त्यात वादच नाही. वैराटचं डोंगरमाथं साधारण ११७८ मीटरवर, थंडीत सकाळी तिथं दात वाजतात. कोरकू गावाची रचना माहीत असेलच, समोरासमोर घरांच्या दोन रांगा आणि मधात रुंद रस्ता. घरं आता नाहीत. सागाचे खांब, कवेलू, दारं, सगळं लोक सोबत घेऊन जातात आणि कुडाच्या भिंतीला एक-दोन पावसाळे पुरतात. उरतं ते गवत. पण गवतातूनही त्या दोन रांगा ओळखू येतात, जोत्याच्या जागी जमीन जराशी उंच आहे, विहीर आहे, आंबे आहेत, आणि जिथं पोट्टे विटीदांडू खेळत असतील तिथं आता गवे चरून राहिले असतात.

मग मला काय खटकलं?

दुसऱ्या वेळी आम्ही चौदा जण होतो. एका जिप्सीत सहा, म्हणजे तीन जिप्स्या. इथूनच ग्रुप फुटला, कारण पहिल्या गाडीतल्यांना जंगल दिसतं, दुसऱ्या गाडीतल्यांना पहिली गाडी दिसते आणि तिसऱ्या गाडीतल्यांना धूळ. मी तिसऱ्यात होतो, सोबत आमच्या कॉलनीतल्या देशपांडे काकू, पदर नाकाशी. गेटचं नाव घेत नाही, त्यात गेटवाल्यांचा काही दोष नाही, नियम म्हणजे नियम, वाघाच्या जंगलात खाली उतरायचं नाही हे बरोबरच आहे.

तर त्या उठलेल्या गावाच्या माळावर आलो आणि आमच्या ड्रायव्हरने गाडी हळू केली. पंचविशीतला पोरगा, सकाळपासून दहा शब्द बोलला नव्हता. एका आंब्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "हा आंबा आमचा. याच्या बुडाशीच घर होतं." काकू एकदम पुढे वाकल्या, विचारलं, कोणत्या तोंडाचं होतं रे बाबा? तो सांगायला लागला, दार इकडून, इथं म्हशी, आजी ओट्यावर बसायची तिला दिसत नव्हतं पण कोण आलं ते पावलावरून ओळखायची. एवढं झालं असेल नसेल, पुढच्या गाडीतून हात हलले, सांबराचा कॉल आला म्हणे, म्हणजे वाघ जवळ असल्याचा इशारा. झालं. त्याने गिअर टाकला, बिचाऱ्याचा इलाज नव्हता, आमच्याच गाडीत मागे बसलेले दोघं "चलो चलो" करत होते, आणि आम्ही धुळीत त्या आंब्यापासून निघून गेलो. पुढे पाऊण तास एका वळणावर गाड्या बंद करून उभे. वाघ आला नाही. परत येताना दुसऱ्या रस्त्याने आणलं.

मी घड्याळ लावलं नव्हतं, पण त्या गावात आम्ही चार-पाच मिनिटं असू. पहिल्या वेळीही तसंच झालं होतं, फक्त तेव्हा सांबराच्या जागी बिबट्याचे पगमार्क, म्हणजे पायाचे ठसे, होते. वाघाच्या जंगलात माणूस वाघच शोधणार, त्याला नावं कशाला ठेवा, मीही मान लांब करून पाहतच होतो. पण उजाड गाव पाहायला म्हणून निघालेला ग्रुप जर गावापाशी येऊन गाव सोडून कॉल ऐकत बसणार असेल, आणि ज्याचं घर होतं त्या पोराचं बोलणं अर्ध्यावर तोडणार असेल, तर माझ्या हिशोबाने ती ट्रिप सफारी झाली. चांगली सफारी झाली, पण सफारी. माझं पारडं त्या आंब्यापाशीच रिठीकडे झुकलं ते अजून तसंच आहे.

आता रिठ. आपल्याकडच्या लोकांना रिठ काय ते सांगायला नको, तलाठ्याकडे नकाशात गाव आहे, सातबाऱ्यावर गाव आहे, राहणारा एक नाही. वऱ्हाडात रिठी पडल्या त्याची कारणंही एक नाही, पेंढाऱ्यांच्या धाडी झाल्या, १८९९-१९०० चा दुष्काळ झाला, १९१८ चा इन्फ्लुएंझा झाला, आणि गावातल्या म्हाताऱ्यांना विचाराल तर एकच उत्तर येतं, "मरी आली अन् गाव उठलं." आम्ही जातो ती रिठ सातपुड्याच्या सोंडेवर आहे, कोअरच्या बाहेर, पायथ्याच्या गावातून चढून पावणेदोन तास, काकू सोबत असल्या की अडीच. नाव मुद्दाम लिहीत नाही, त्याचं कारण पुढे येईल.

चढताना काही विशेष नाही, साग आणि धावडा आणि पाय घसरणारी मुरमाड वाट. खरी मजा कुठं आहे सांगतो, वर पोचताना एका जागी पायाखालची माती बदलते. काळी-तांबडी संपते आणि राखेसारखी भुरकट पांढरी लागते. गावठाणाला आपल्याकडे पांढरी का म्हणतात ते पुस्तकात वाचून समजत नाही, तिथं बुटाला लागते तेव्हा समजतं. मग सीताफळीचं रान, एवढी सीताफळी की समजून घ्यायचं इथं माणसं राहत होती. मग चिंच. मग खापरं दिसायला लागतात, काचेच्या बांगडीचा हिरवा तुकडा, जोत्याचे दगड, आणि एका घराचा उंबरा तर अजून जागच्या जागी आहे, दगडी, मधात पायांनी झिजून खोलगट झालेला. बाजूच्या भिंती नाहीत, छप्पर नाही, पण आमच्या ग्रुपमधला प्रत्येक जण त्या उंबऱ्यावरूनच आत जातो, बाजूने कोणी जात नाही. मी कोणाला सांगितलेलं नाही तसं करा म्हणून.

पहिल्यांदा काकू आल्या तेव्हा त्यांना मातीत अर्धं गाडलेलं जातं सापडलं. खालची तळी, वरची नाही. काटकीने माती उकरत बसल्या, मधलं भोक मोकळं केलं, त्यात बोट घालून पाहिलं आणि म्हणाल्या, "ही डावखुरी असावी." कशावरून म्हणाल्या ते मला अजून कळलेलं नाही, दगड एका बाजूने जास्त झिजलाय म्हणे, बाकी बायकांनी वाकून पाहिलं आणि पंधरा मिनिटं त्यावर वाद. चूक का बरोबर देव जाणे. पण ती पंधरा मिनिटं कोणी हॉर्न मारला नाही.

पिंपळाखाली मारुती आहे, त्याला शेंदूर ताजा असतो. पायथ्याच्या गावातले काही घरचे लोक अजूनही "आमचं वरचं गाव" असंच म्हणतात आणि शनिवारी कोणी ना कोणी चढून येतंच.

नुसतंच कौतुक करून राहिलो असं नको, रिठीचे तापही खूप आहेत. नोव्हेंबरात कुसळं, मोजे फेकून द्यावे लागतात. रायमुनिया (घाणेरी) इतकी माजलेली की अर्धी घरं तिच्या पोटात. खाजकुयरी. मागच्या वर्षी बँकेतल्या आमच्या एका साहेबांनी शेंग मखमलीसारखी दिसते म्हणून हातात घेतली आणि मग पुढचा अर्धा तास जे झालं ते काय सांगू. सोबतच्या गुराख्याने शेण चोळा म्हटलं, साहेबांनी निमूट चोळलं, उतार पडला का नाही ते मात्र त्यांनी अजून सांगितलं नाही. हसण्यावारी नेऊ नका अशी गोष्ट म्हणजे विहीर. काठ नाही, वर झुडूप, दहा पावलांवरूनही दिसत नाही. आम्ही पोचलो की पहिले एक माणूस तिथं उभा करतो आणि निघेपर्यंत तो हलत नाही, आळीपाळीने. दुसरे खड्डे गुप्तधनवाल्यांचे. कुठल्यातरी अमावास्येला येतात, कमरेएवढं खोदतात, काठावर सुकलेलं लिंबू आणि कुंकू सोडून जातात. हांडा कोणाला सापडल्याचं ऐकलं नाही, पण गढीची एक भिंत त्यांच्या खोदण्यात गेली. म्हणूनच नाव लिहीत नाही.

अस्वलाचं म्हणाल तर आहे. सातपुड्यात अस्वल नाही असं कोणी म्हणत असेल तर त्याच्यासोबत जाऊ नका. मोहफुलाच्या दिवसात, म्हणजे मार्च-एप्रिलात, आम्ही जातच नाही, बाकी वेळी सगळे एका रांगेत, बोलत-बोलत, आणि तीन वाजता उतरायला लागायचं म्हणजे लागायचं. कोअर नाही म्हणून परवानगी लागत नाही असंही समजू नका, जंगल खात्याचंच आहे, आधी राउंड ऑफिसला सांगायचं आणि गावातला एक माहितीचा माणूस मजुरी देऊन सोबत घ्यायचा. वर चूल पेटवायची नाही. रोडगे-वांग्याचा बेत खाली गावात, कोणाच्या तरी वावरात, परत आल्यावर. वर फक्त भाकर, ठेचा आणि माणशी तीन लिटर पाणी. आमच्या हिशोबात रिठीचा खर्च मेळघाटाच्या एक चतुर्थांशसुद्धा होत नाही, पण खर्चावरून ठरवू नका.

तर ज्यांच्या ग्रुपमध्ये गुडघेदुखीवाले जास्त आहेत, लहान मुलं आहेत, किंवा अर्ध्या लोकांच्या मनात वाघच आहे (असतो, विचारून पाहा), त्यांनी मेळघाटात जावं, मी मना करणार नाही. फक्त माझं ऐकाल तर सहाच जण जा, एकच जिप्सी करा, आणि गेटवरच गाईडला सांगा की आम्हाला वाघ नाही दाखवला तरी चालेल, उठलेल्या गावाच्या माळावर अर्धा तास गाडी बंद करून उभी करा. आधी तो तुमच्याकडे बघून हसेल. मग कदाचित बोलायला लागेल, आणि तसं झालं तर मी वर जे लिहिलं ते सगळं उलटं पडू शकतं, कारण रिठीवर कितीही वेळ बसा, ते घर कोणाचं होतं हे सांगणारा तिथं कोणी नाही. एवढा एक मार्क मेळघाटाला द्यावाच लागतो.

पण ग्रुप दहा-बाराचा असेल, पाय धड असतील आणि लोकं गप्पा मारत चालणारी असतील तर मी तरी रिठच म्हणेन. डिसेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा धरा, तोवर कुसळं जराशी झडलेली असतात, सीताफळं मात्र संपलेली असतात, दोन्ही एकदम मिळत नाही. काकूंनी यंदाचा रविवार आत्ताच ठरवून टाकलाय, जात्याची वरची तळी कुठंतरी असलीच पाहिजे असं त्यांचं म्हणणं आहे. फुल बाह्यांचा शर्ट घाला, आणि मखमलीसारखं काही दिसलं तर हात लावू नका.