व्हिसा माफ, फॉर्म माफ नाही: मलेशिया, थायलंड, फिलिपिन्सच्या ऑनलाइन अरायव्हल कार्डांची पारख

किनाऱ्यावरचे शॅक (हंगामी खानावळी) उतरले, पावसाने जोर धरला की गोव्यातल्या पर्यटन धंद्यातली माणसं स्वतःच पर्यटक होतात. व्हिसा लागत नाही म्हटल्यावर मलेशिया आणि थायलंड आधी आठवतात, अलीकडे फिलिपिन्सही. पण व्हिसा नाही म्हणजे कागदच नाही, असं समजून विमानतळ गाठला तर चेक-इन काउंटरवरच अडकायला होतं. तिन्ही देशांना येण्याआधी भरलेलं ऑनलाइन अरायव्हल कार्ड, म्हणजे आगमनाची माहिती देणारा फॉर्म, लागतं. तिन्हींची सरकारी सेवा पूर्ण मोफत आहे. तरीही या फॉर्मचे पैसे घेणारे एजंट आहेत, आणि हुबेहूब सरकारी दिसणारी खोटी संकेतस्थळंही आहेत. खूण सोपी आहे: मलेशियाचा खरा पत्ता 'जीओव्ही डॉट एमवाय'वर संपतो, थायलंडचा 'जीओ डॉट टीएच'वर. कुठेही कार्डाने पैसे भरायला सांगितलं की तिथूनच मागे फिरावं.

आधी मलेशिया. भारतीयांना 1 डिसेंबर 2023 पासून 30 दिवसांची व्हिसामाफी आहे आणि ती 31 डिसेंबर 2026 पर्यंत वाढवलेली आहे. एमडॅक हे डिजिटल कार्ड 1 जानेवारी 2024 पासून सक्तीचं झालं. ते पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांतच भरायचं. खातं उघडावं लागत नाही, एकच पान आहे, ही जमेची बाजू. बाकी रचना जुनाट. कुटुंबाचा एकत्र फॉर्म नाही, त्यामुळे पाच जण असतील तर तेच पान पाच वेळा. राज्य निवडल्याशिवाय शहरांची यादी उघडत नाही, आणि इथेच हमखास चूक होते. गेंटिंगच्या डोंगरावर हॉटेल घेतलेले लोक राज्य म्हणून क्वालालंपूर निवडतात. गेंटिंग पहांग राज्यात आहे. पोस्टकोड पाच आकडी असतो, आपला सहा आकडी पिन तिथे टाकू नये. मोबाईलचा 91 वेगळ्या चौकटीत जातो. पाठवण्याआधी एक तुकडा सरकवून जुळवायचं कोडं येतं, ते फोनवर रुसतं. लॅपटॉपवर भरलेलं बरं. ईमेलने आलेला पिन जपून ठेवावा, नोंदणी पुन्हा पाहायला तो लागतो. ईमेल चुकला तर पिन दुसऱ्याच कुणाच्या तरी पेटीत. पाचपैकी तीन गुण, त्यातला एक केवळ मोफत असल्याचा.

थायलंडचं टीडॅक हे डिजिटल कार्ड 1 मे 2025 पासून टीएम-सिक्स या जुन्या कागदी कार्डाच्या जागी आलं, आणि ते सरस आहे. पासपोर्टच्या पानाचा फोटो दिला की खालच्या दोन ओळी वाचून बरीचशी माहिती आपोआप भरली जाते. एका अर्जात दहा जणांपर्यंत नावं जोडता येतात, म्हणजे फोंड्याहून निघालेली अख्खी पंगत एकाच वेळी उरकते. पोहोचण्याआधीच्या 72 तासांत भरायचं. क्यूआर कोड असलेली पीडीएफ लगेच येते. तिची एक प्रत छापून घ्यावी, फोनची बॅटरी रांगेतच संपते. पत्त्यात प्रांत, जिल्हा, उपजिल्हा असे तीन मजले आहेत. प्रांतांच्या यादीत पटाया शोधून लोक हैराण होतात, कारण पटाया चोनबुरी प्रांतात, बांग लामुंग जिल्ह्यात आहे. पातोंगसाठी प्रांत फुकेत, जिल्हा कथू. उड्डाण किंवा हॉटेल बदललं तर अर्ज नंतर दुरुस्त करता येतो. नाव, पासपोर्ट क्रमांक, नागरिकत्व, जन्मतारीख मात्र नाही. त्यातलं काही चुकलं तर सरळ नवा अर्ज भरायचा. पाचपैकी चार.

फिलिपिन्सने 2025 मध्ये भारतीय पर्यटकांना 14 दिवसांची व्हिसामाफी दिली. ती वाढवून मिळत नाही, दुसऱ्या व्हिसातही बदलता येत नाही. त्यांचं कार्ड ई-ट्रॅव्हल या सरकारी सेवेवर भरायचं, तिथे आधी खातं उघडावं लागतं, तोच काय तो त्रास. तिथेही 72 तासांचाच हिशोब. साडेतीन.

आता गोवेकरांना खास नडणाऱ्या गोष्टी. मोपा किंवा दाबोळीहून मुंबई, बेंगळुरूमार्गे जाणाऱ्यांनी फॉर्ममध्ये गोव्याच्या विमानाचा क्रमांक टाकू नये. जे विमान प्रत्यक्ष त्या देशात उतरतं, त्याचाच क्रमांक हवा. तारीखही उतरण्याची, तिथल्या घड्याळाप्रमाणे. मलेशिया आपल्या अडीच तास पुढे, थायलंड दीड तास. मुंबईहून रात्री अकराला निघालात तर तारीख दुसऱ्या दिवसाची. आणि दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर गोव्याच्या काउंटरवर कार्ड कुणी विचारणारच नाही. विचारतील ते मुंबईत, मध्यरात्री, जेव्हा हॉटेलचा पोस्टकोड कुणालाच आठवत नसतो.

नावाचं दुखणं जुनं. आपल्या पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव बहुधा 'गिव्हन नेम'मध्येच असतं, आणि तिकिटावर ते गाळलेलं असतं. फॉर्ममध्ये पासपोर्टप्रमाणेच भरावं. परब गांवकर, शेट वेरेंकर अशा दोन शब्दांच्या आडनावांत मधली जागा पासपोर्टवर असेल तर फॉर्ममध्येही ठेवावी.

पासपोर्ट पोहोचल्याच्या दिवसापासून सहा महिने तरी वैध हवा. मोठ्यांचा दहा वर्षांचा असतो, मुलांचा पाचच, त्यामुळे ऐन वेळी मुलाचाच पासपोर्ट संपत आलेला निघतो. आणि आपला पावसाळा! कपाटातल्या दमट हवेत पासपोर्टचं पान फुगलं, बुरशीचे डाग पडले तर तो खराब ठरवून प्रवाशाला परत पाठवण्याचा अधिकार अधिकाऱ्याला आहे. जाण्याच्या आदल्या रात्री नव्हे, तिकीट काढण्याआधी उघडून पाहावा.

परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि पुरेसे पैसे हे तिन्ही देश मागू शकतात. क्वालालंपूरला उतरून बसने सिंगापूर आणि तिथून घरी, हा बेत कागदावर छान दिसतो. पण सिंगापूरला भारतीयांना व्हिसा लागतो, तो नसेल तर हे परतीचं तिकीट धरलं जात नाही. मलेशियातून थायलंडला जाऊन पुन्हा मलेशियात यायचं असेल तर एमडॅक दोनदा भरायचं, प्रत्येक प्रवेशाला नवं. साबा आणि सारावाक ही मलेशियाचीच राज्यं, तरी तिथे वेगळी इमिग्रेशन तपासणी असते. पासपोर्ट सामानात टाकू नये.

घरात काहींचा पासपोर्ट भारतीय, काहींचा पोर्तुगीज, असं आपल्याकडे बरंच. फॉर्ममध्ये नागरिकत्व पासपोर्टप्रमाणे. जन्म म्हापशाचा असला तरी पोर्तुगीज पासपोर्टवर 'पोर्तुगाल'च. सवलतीचे दिवसही मग वेगळे: मलेशिया पोर्तुगीज नागरिकांना 90 दिवस देतो, तेव्हा परतीचं तिकीट भारतीय सदस्याच्या 30 दिवसांवर बेतावं. पोर्तुगीज पासपोर्टवाल्याने परत येताना ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) किंवा भारताचा व्हिसा जवळ ठेवावा, नाहीतर गोव्याला येणारं विमानच चढू देणार नाहीत.

थायलंडने 15 जुलै 2024 पासून भारतीयांना 60 दिवस दिले. अशा मुदती सरकारं बदलत असतात, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी दूतावासाच्या पानावर पाहावं. थायलंडमध्ये उतरल्याचा दिवस पहिला धरला जातो. शेवटी खरा पासपोर्टवरचा शिक्का. काउंटरवरून हलण्याआधी त्यावरची तारीख वाचावी, चूक असेल तर तिथेच सांगावी. मुदत उलटली तर थायलंडमध्ये दिवसाला 500 बाथ दंड, कमाल 20,000.