माव्रूद: बल्गेरियाची रेड वाइन, नागपूरच्या उन्हात

माव्रूद हे दक्षिण बल्गेरियाचं द्राक्ष, प्लोव्दिव्ह आणि आसेनोवग्रादच्या आसपासचं. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ते पिकत नाही आणि कडाक्याची थंडी त्याला सोसत नाही, म्हणून बाल्कन डोंगर जिथे उत्तरेचे गार वारे अडवतो तिथेच ते नीट येतं. लेबलावर 'थ्रेशियन लोलँड्स' असेल तर बाटली योग्य भागातली. 'डॅन्युबियन प्लेन' म्हणजे डोंगराच्या उत्तरेचा प्रदेश, गाम्झा या हलक्या वाणाचा.

माव्रूदचा मणी लहान, साल जाड. त्यामुळे रंग काळपट जांभळा आणि तुरटपणा भरपूर. पहिला घोट जांभळाची साल चावल्यासारखा हिरड्यांना धरतो. नव्या वर्षाची बाटली असेल तर रुंद तोंडाच्या काचेच्या जगमध्ये (जारमध्ये) ओतून तासभर ठेवा. नुसतं बूच काढून ठेवल्यानं काही होत नाही, कारण हवा गळ्याएवढ्याच भागाला लागते. तासाभरानं तुरटपणा मवाळ होतो आणि फळ, मिरी, आंबटपणा वेगवेगळे कळू लागतात. वाइन खरंच दमदार आहे.

नागपुरात ती बिघडते ती दुकानात. मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो. साठा एसीत नसेल तर आतली वाइन प्रसरण पावून बूच वर ढकलते. घेताना गळ्यावरून अंगठा फिरवून पाहा: बूच कडेच्या वर आलं असेल किंवा चिकट ओघळ लागला तर बाटली परत ठेवा. उघडल्यावर ताज्या फळाऐवजी शिजवलेल्या मनुकांचा वास आला, तर तिला ऊन लागलेलं आहे.

'रूम टेंपरेचरला प्या' हा सल्ला इथे विसरा. हवं 16 ते 18 अंश. बादलीत बर्फ आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन बाटली 15-20 मिनिटं बुडवा. नुसत्या बर्फात फटी राहतात, वेळ जास्त लागतो. पेल्यात थोडी थोडीच ओता, लगेच तापते.

सावजी रश्श्याबरोबर मात्र माव्रूद नको. तिखटासमोर तुरटपणा कडवट लागतो आणि अल्कोहोलनं जाळ वाढतो. तिथे गाम्झा, 14 अंशांवर. माव्रूदला कोळशावर भाजलेल्या, चरबी असलेल्या मटण चापा द्या, मिरची बेतानं घालून. उरलेली वाइन बूच लावून फ्रिजमध्ये, तीन दिवसांच्या आत संपवा.