अरुंधतीचं दुसरं घर कुणी पाहिलंय का?

कोथरूडला माझं पोळीभाजी केंद्र आहे. संध्याकाळी साडेसातला आमच्याकडे गिऱ्हाइकांची झुंबड, त्यामुळे ‘आई कुठे काय करते’ ही मालिका मी रात्री गल्ला मोजून झाल्यावर मोबाइलवर बघायचे. डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४, जवळजवळ पाच वर्षं चालली. मालिका गाजली घटस्फोटामुळे. माझं लक्ष मात्र कायम ओट्याकडे.

सुरुवातीचे भाग खरंच जमलेत. अरुंधती देशमुखचा दिवस सगळ्यांच्या तालावर चालतो आणि मधुराणी प्रभुलकरचे हात कामाला सरावलेले वाटतात. (बऱ्याच नायिका लाटणं असं धरतात की आमच्याकडे अर्धा दिवसही टिकायच्या नाहीत.) लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला नवऱ्याचं, अनिरुद्धचं, संजनाशी असलेलं प्रकरण उघड होतं तेव्हा पोटात कालवतं, कारण ती पंचवीस वर्षं कशात गेली ते आपण पाहिलेलं असतं.

पुढे संजना देशमुखांच्या त्याच ‘समृद्धी’ बंगल्यात सून म्हणून येते. ऑफिस गाजवणारी बाई! इथे लेखकांच्या हाती घबाड लागलं होतं. अरुंधती जे फुकट करत होती ते आता कोण करणार, आणि पैसे देऊन करून घ्यायचं तर किती पडेल? माझ्याकडे लाटणाऱ्या बायका नगावर हिशेब घेतात, एक पोळी इकडची तिकडे होत नाही. देशमुखांच्या घरात हा हिशेब कोणी मांडलेला मी तरी पाहिला नाही. सासूचे, कांचनचे टोमणे, संजनाची आदळआपट, की लागले पुढच्या भांडणाला.

सगळ्यात जास्त चिडचिड झाली ती आशुतोष केळकरशी लग्न झाल्यावर. मोठी मुलं असलेली बाई दुसऱ्यांदा सासरी जाते! तिथे मिसळणाचा डबा कुठे असतो, तिखट किती चालतं, सकाळी आधी कोण उठतं, चहा कोण टाकतं? आणि कुणी आयता चहा हातात दिला तर हिला बसून पिता येतो का? एवढ्यावर महिनाभर मालिका चालली असती. पण बाई बघावं तेव्हा समृद्धीतच. लेकीचं, इशाचं काहीतरी बिनसतं, अनिरुद्ध तमाशा करतो, आधीच्या सासऱ्यांना, अप्पांना बरं नसतं, की ही निघाली. ओंकार गोवर्धनसारख्या नटाला समजूतदार चेहरा करून बसवलं आणि शेवटी आशुतोषला मारूनच टाकलं. मालिका दुपारी अडीचला गेली तेव्हा आमच्या बायका जेवून टेकताना बघायच्या. त्यातली एक म्हणाली, “वहिनी, ही आपल्या घरी कधी जाते?”

मला वाटतं, यामागे दिवाणखाना आहे. स्वयंपाकघरात फार तर दोघी बोलतात. दिवाणखान्यात अख्खं खानदान उभं करता येतं, एकाने वाक्य टाकलं की प्रत्येकाचा चेहरा वाजत्या संगीतावर फिरवून दाखवायचा, झाला अर्धा भाग. नवीन घरात इतकी माणसं आणायची कुठून?

जिओहॉटस्टारवर बघणार असाल तर घटस्फोटापर्यंत सलग बघा. संजना समृद्धीत येते तेही बघा, संजना झालेल्या रूपाली भोसलेसाठी. केळकरांच्या घरचा संसार बघायला म्हणून पुढे जाणार असाल, तर जाऊ नका.