निळीच्या पैशातला वाडा

इचलकरंजीत एकतीस वर्षं डाईंग खातं सांभाळलं, त्यामुळे कुठेही गेलो तरी नजर आधी रंगावर जाते. सध्या लेकीकडे फ्रान्समध्ये तुलूझला आहे. ‘बाबा, हा वाडा तुमच्याच लाइनचा,’ म्हणत तिनं मला ओतेल द’आसेझाच्या चौकात आणून उभं केलं. ‘ओतेल’ ऐकून मी चहाचं विचारणार होतो. इथे जुन्या श्रीमंतांच्या शहरातल्या वाड्याला तसं म्हणतात.

पिएर द’आसेझा हा पास्तेलचा व्यापारी. पास्तेल म्हणजे इथली नीळ. झाडाची पानं दळायची, हातानं गोळे वळून वाळवायचे, मग भिजवून आंबवायचे. त्या गोळ्यांच्या पैशावर त्यानं १५५५ मध्ये हे बांधायला काढलं. आराखडा निकोला बाशलिएचा. तो वारल्यावर मुलगा दॉमिनिकनं काम पुढे नेलं.

चौकात दोन अंगांना तीन मजले जोडखांब आहेत: जुन्या ग्रीक घडणीचे, खाली डोरिक, मध्ये आयोनिक, वर कोरिंथियन. भिंत विटेची, खांब दगडाचे. इथल्या गारोन नदीकाठी माती हवी तेवढी, दगड मात्र लांबून आणायचा. म्हणून तो फक्त दिसेल तिथेच. अंगाला सूत आणि पदराला जर, तोच हिशोब. कोपऱ्यातला जिन्याचा बुरूजही तसाच, गावाला दिसावा म्हणून चढवलेला. मालक नगरसभेवर निवडून गेला होता ना!

एक बाजू मात्र राहिलीच. तिथे सरळ भिंत आणि दगडी टेकूंवर काढलेला सज्जा. मला वाटलं, आपल्या हिंदुस्थानी निळीनं याला बुडवलं असणार. थोडी कॉलरही ताठ झाली. पण नाही. पास्तेलचा बाजार आधीच पडला, त्यात मालक प्रोटेस्टंट, १५६२ च्या धर्मयुद्धात शहराबाहेर घालवला गेला. आपली नीळ नंतर आली आणि उरलासुरला धंदा घेऊन गेली. रंगद्रव्य दोन्हीत एकच, इंडिगो. आपल्या पानात ते कितीतरी जास्त. भावात टिकणार कसं?

आत बेंबेर्ग फाउंडेशनचं संग्रहालय आहे, दुरुस्तीनंतर २०२४ मध्ये पुन्हा उघडलेलं. बोनार या फ्रेंच चित्रकाराची तीसहून अधिक चित्रं आहेत. लेक तिथे रमली. मी दोन खोल्या बघून खाली आलो. गुडघेही कुरकुरत होते. चित्रं चांगलीच असणार, पण मला चौक पुरला.

सोमवारी संग्रहालय बंद असतं. जायचं तर संध्याकाळी जा. सकाळी वीट फिक्की सॅमन होती, ऊन उतरल्यावर पक्की रस्ट. एकाच भिंतीला शेडकार्डवर दोन नंबर द्यावे लागले असते.