रेडिमेड मावळा ड्रेस: शिवजयंती ते दसरा वापरून झाल्यावर

फेब्रुवारीत १९ तारखेच्या शिवजयंतीसाठी ऑनलाईन मावळ्याचा पूर्ण सेट मागवला होता, बाराबंदी, सुरवार, शेला, तयार मुंडासं, कमरपट्टा, कवड्यांची माळ आणि फायबरची तलवार, सगळं मिळून अठराशे पन्नास. साईटचं नाव घेत नाही कारण तसाच माल शंभर ठिकाणी विकायला आहे. आधीच सांगते, मी बाई आहे आणि शिवजयंती म्हटलं की बायकांनी नऊवारी आणि नथच घालायची हे मला झेपत नाही, म्हणून मावळा. कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या दोन काकूंनी नाक मुरडलं, बाकी कोणाला काही पडलं नव्हतं.

फोटोत लिहिलेलं 'शुद्ध कॉटन'. आतल्या शिवणीतला एक दोरा काढून काडी लावली तर कागदासारखी राख व्हायच्या ऐवजी वितळून काळा टणक मणी झाला, म्हणजे पॉलिस्टर, विषय संपला. परत पाठवायला वेळ नव्हता. आणि बाराबंदी म्हणजे बारा बंद, बांधायचे असतात म्हणून तर ते नाव, सोलापूरला सिद्धेश्वरच्या यात्रेत लोक घालतात ती बघा एकदा जवळून. ह्यात चार बंद खरे, आठ नुसते वरून शिवलेले आणि आतून वेल्क्रो! मिरवणुकीत 'जय भवानी' म्हणून हात वर केला की छातीवर चर्र करून आवाज येतो आणि आतला टीशर्ट दिसतो. शिवाय त्या वेल्क्रोत शेल्याचे धागे अडकून एका संध्याकाळीत शेल्याची पार लक्तरं.

फेब्रुवारीत तरी निभावलं. आपल्याकडं वैशाख शुद्ध द्वितीयेला पारंपरिक शिवजयंतीची मोठी मिरवणूक असते, तेव्हा उन्हाळा, त्यात गर्दी, त्यात ढोल, त्यात हे प्लॅस्टिकसारखं कापड, अंगाला घाम चिकटून सोलल्यासारखं झालं. काखेत शिवण उसवली ती तिथंच. कारण साधं आहे, बाही सरळ जोडलेली, काखेत चौकोनी तुकडा घातलेलाच नाही, त्यामुळं हात खांद्याच्या वर गेला की सगळा ताण एका शिवणीवर. मर्दानी खेळवाली पोरं दांडपट्टा फिरवतात त्यांचे कपडे बघा, काखेत भरपूर सैल असतात, उगीच नाही.

आता खरं बोलायचं तर जुलैत ह्याच पॉलिस्टरनं लाज राखली. बाजीप्रभू १६६० च्या जुलैत लढले म्हणून पन्हाळा ते पावनखिंड ट्रेक त्याच दिवसांत असतो, आणि मसाई पठारावरचा वारा-पाऊस ज्यानं खाल्लाय त्यालाच माहीत. माझ्या बाजूची सुती कपडेवाली मंडळी रात्री मुक्कामाला पण ओलीच, माझी सुरवार तासाभरात वाळली. पण मुंडाशाचा मात्र सत्यानाश, आत पुठ्ठा असतो त्याचा लगदा होऊन कानावर ओघळला आणि शेल्याचा भगवा रंग पांढऱ्या बाराबंदीवर उतरला तो आजपर्यंत गेला नाही. कापशी चपला, म्हणजे कोल्हापुरीचाच एक प्रकार, मी घरीच ठेवलेल्या. २०१९ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेली आपली चप्पल पावसात नेऊन कातडं फुगवायचं काही कारण नाही, चिखलात ट्रेकिंगचे बूटच बरे, मावळ्याच्या वेशाला शोभत नसले तरी.

दसऱ्याआधी मग दुसरा जोड शिवून घेतला. इचलकरंजीहून जाड सुती मांजरपाट आणलं, रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून मग शिंप्याकडं दिलं, नाहीतर पहिल्या धुण्यात बाही कोपरावर येते. शिंपी मामांना बारा बंद म्हटल्यावर म्हणाले, "बारा कशाला गं, चार लावतो, बाकीचं कोण बघतंय?" मी म्हटलं मामा, बाराच लावा, आणि आतून मोबाईलचा खिसा पण. मावळ्याला मोबाईल कुठला हा विनोद तुम्ही करायच्या आधी माझ्या नवऱ्यानं करून झालाय. शिलाई-कापड धरून सेटपेक्षा थोडं स्वस्तच पडलं, आणि दसरा चौकात सोनं लुटायच्या गर्दीत तासन्‌तास उभी होते, एकदाही कुठं ओढाताण नाही. मुंडासं आता साध्या लांब कापडाचं, आरशासमोर बांधते, सुरुवातीला सुटतं, मग हात बसतो.

ढाल सेटमध्ये नव्हतीच, तिचं श्रेय चुलतभावाला. तो मुंबईच्या कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्सवेड्यांच्या मेळ्याला, दरवर्षी कुठल्यातरी अॅनिमेचं (जपानी कार्टूनचं) चिलखत घालून जातो, ह्यालाच कॉस्प्ले म्हणतात, घरचे हसतात, पण हे लोक कामाला लई पक्के. लहान पोरांच्या खोलीत अंथरतात त्या इव्हीए फोमच्या मॅटमधून त्यानं गोल कापला, हीट गननं गरम करून गुडघ्यावर दाबून फुगवटा आणला, वरून रंग. लांबून बघणाऱ्याला कातडीच वाटते आणि गर्दीत कोणाला लागली तरी इजा नाही. फक्त उन्हात गाडीत ठेवू नका, जोड सुटतात. तलवार मात्र फायबरचीच राहू दे, खरी पात्याची मिरवलीत तर आर्म्स अॅक्टखाली गुन्हा दाखल होतो, दरवर्षी कोणीतरी रीलसाठी अडकतंच. मावळा आणि कॉस्प्ले एका वाक्यात घेतलं म्हणून काही जण चिडतील, चिडू देत, शिवणीची आणि फुगवट्याची अक्कल दोन्हीकडं सारखीच लागते.

तर सेटला पाचपैकी दोन, एक तलवारीला आणि एक पावसात वाळल्याबद्दल. नुसता एका संध्याकाळीचा फोटो काढायचा असेल तर भाड्यानं आणा, विकत घेऊ नका. माझा जुना सेट आता भाच्याच्या शाळेतल्या वेशभूषा स्पर्धेसाठी दिलाय, सुरवार कमरेला दोनदा दुमडून. त्याला वेल्क्रो फार आवडला, आईला न बोलावता स्वतः घालता येतो म्हणून, त्यामुळं त्याच्याकडून पाचपैकी पाच.